उन्हात उभा केलेला योसेफ

आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बाईनं देवाशी भांडू नये, असं आम्हाला मठात आल्या आल्या शिकवलं होतं. मी नगरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, तोंडाची फटकळ. ती शिकवण माझ्या अंगी काही लागली नाही. गेल्या उन्हाळ्यात मी भांडले, तेही रस्त्यावरच्या लोकांना दिसेल असं. त्याचा मला आजही पस्तावा नाही.

भाज्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर आम्हा तिघी सिस्टरांचं घर आहे आणि आमच्याबरोबर निराधार म्हाताऱ्या राहतात. एप्रिलमध्ये बोअर आटली. टँकर आधी सुट्टीच्या बंगल्यांकडे वळायचा, आमच्याकडे आला तर आला. अंथरुणाला खिळलेल्यांना पुसायलासुद्धा पाणी पुरेना, तेव्हा आमच्या सगळ्या मठांच्या प्रमुख, प्रोव्हिन्शियल सिस्टर, यांचा आदेश आला: घर बंद करा, सोमवारी गाड्या येतील, निम्म्या आज्या पुण्याला, निम्म्या नगरला. त्यांचंही चुकत नव्हतं. पाण्यावाचून माणसं ठेवायची कशी? पण पारूआजी पुण्याला आणि साळूआजी नगरला, हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पारूआजीला दिसत नाही, साळूआजीला ऐकू येत नाही. दोघी मिळून एक धडधाकट बाई होते, असं त्याच सांगतात. दिवसभर भांडतात आणि जेवताना एकमेकींच्या ताटाची काळजी करतात. त्यांना तोडायचं म्हणजे दोघींनाही अर्धं करून पाठवायचं.

आमच्यात एक जुनी रीत आहे. घरात जे संपलं त्याचा नमुना संत योसेफाच्या पुतळ्यापुढे ठेवायचा. तांदूळ संपत आले की शेवटची मूठ, गॅस संपला की रेग्युलेटर. त्या सुतारानं बाळ येशूचं घर चालवलं, तो आमचंही बघेल, हा त्यामागचा विश्वास. मी रिकामी कळशी ठेवली होती. तिच्यात कोळ्यानं जाळं केलं, पाणी काही आलं नाही. हे गाऱ्हाणं मी पारूआजीपुढे मांडलं, तर ती म्हणाली, “आमच्या गावात पाऊस न्हाई पडला की म्हादेवाला पाण्यात कोंडत्यात. तुमचा बाबा तर सावलीत हुबा. त्याला तहान कशी कळावी?”

मला ते पटलं. दुपारी मी योसेफाला चाकांच्या खुर्चीत आडवा घातला, फाटकापर्यंत ढकलत नेला आणि कोरड्या बोअरशेजारी भर उन्हात उभा केला. पायाशी कळशी ठेवली. आमच्या तिघींतल्या थोरल्या, घर सांभाळणाऱ्या सुपिरियर सिस्टर धावत आल्या. लोक काय म्हणतील, हा पवित्र पुतळा आहे, असं बरंच बोलल्या. मी त्यांचं ऐकून घेतलं आणि पुतळा हलवला नाही. मग त्याला मोठ्यानं म्हणाले, “बाळ-बाळंतिणीला घेऊन मिसर देशात पळालास तेव्हासुद्धा आपलं घर फुटू दिलं नाहीस. मग माझं का फोडतोस? पाणी येईपर्यंत आत यायचं नाही.”

शनिवार-रविवारी पर्यटक थांबले, त्यांनी पुतळ्याबरोबर सेल्फी काढले आणि गेले. त्याला इथे का उभा केलाय, हे एकानंही विचारलं नाही. माझा धीर सुटत चालला होता. रविवारी संध्याकाळी आज्यांची बोचकी बांधून झाली. साळूआजीनं आपली कंगवा-फणी पारूआजीच्या बोचक्यात घातलेली मी पाहिली आणि फाटकाशी येऊन उभी राहिले.

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई थांबली. “ह्या म्हाताऱ्यानं काय गुन्हा केलाय?” तिनं विचारलं. पाणी देत नाही म्हणून शिक्षा केलीय, असं मी सांगितलं. ती खळखळून हसली. मग भारा खाली ठेवून आत आली, टाकीत डोकावली, बांधलेली बोचकी पाहिली आणि भारा उचलून निघून गेली. झालं, ही पण गेली, असं मी मनात म्हटलं.

सकाळी गाड्यांच्या आधी ती आली, पाच-सहा माणसं आणि काळ्या पाइपची वेटोळी घेऊन. टेकाडामागच्या बौद्धवस्तीतली होती ती. दुपारच्या आत बांधाबांधावरून पाइप आला आणि आमची टाकी वाजू लागली. तुम्हालाच पाणी कमी पडेल, असं सुपिरियर सिस्टर म्हणाल्या, तेव्हा तिनं कपाळावरचा घाम पुसला.

“माज्या आजेसासूला गावच्या विहिरीला शिवू देत न्हवते. तवा आमच्या लोकांनी हातानं ही विहीर खांदली. तिचं पाणी आमी कुणाला न्हाई म्हणत न्हाई.” मग फाटकाकडे बोट करून म्हणाली, “आमी देवबिव मानत न्हाई, सिस्टर. पण म्हाताऱ्याला सावलीत घ्या आता.”

गाड्या रिकाम्या परत गेल्या. पावसाळ्यापर्यंत थांबू, असं प्रोव्हिन्शियल सिस्टर फोनवर म्हणाल्या. पावसाळा येऊन गेला, आम्ही अजून इथेच आहोत.

ह्याला चमत्कार म्हणावं का, हे मला ठाऊक नाही. देव न मानणाऱ्या बाईच्या हातून देवानं माझं ऐकलं, एवढं मी जपमाळेवर रोज म्हणते आणि तिचं नाव घेते. समर्पण म्हणजे गप्प बसणं, असं कुणी शिकवू लागलं की मला हसू येतं. ज्याच्यावर सगळा भार टाकलाय, त्याच्याशी नाही भांडायचं तर कुणाशी?

योसेफाला मी त्याच दुपारी आत आणलं. नाकाचा रंग उडाला होता, पाठ तव्यासारखी तापली होती. माफी काही मागितली नाही. त्या विहिरीच्या पाण्यानं कळशी भरून त्याच्यापुढे ठेवली. पारूआजीनं चाचपडत कळशीत बोटं बुडवली, ओला हात त्याच्या तापलेल्या पायांवरून फिरवला आणि म्हणाली, “पी बाबा. तू बी तहानला असशील.”