ताईचा तळहात

माझी लेक मुग्धा बास गिटार घेऊन बसली की माझी ताई स्पीकरवर तळहात टेकवून बसते. ताईला लहानपणापासून ऐकू येत नाही. भाचीचं वाजवणं ती हातानं ऐकते.

काल मुग्धानं नवं पेडल आणलं. तिनं ते पायानं दाबलं आणि साधा सूर एकदम खरखरीत, रागीट, केवढा तरी मोठा झाला. मी खूश! ताईनं मात्र हात उचलला आणि खुणेनं विचारलं, "थांबलीस का?"

मुग्धा चपापली. "बाबा, आत्याचं बरोबर आहे. वरचा आवाज वाढला, पण खालचा खर्ज पार गेला."

मग बराच वेळ खटपट करून तिनं सुराला दोन वाटा करून दिल्या. एक पेडलमधून जाणारी, दुसरी कशातूनही न जाता थेट. शेवटी दोन्ही वाटा स्पीकरमध्ये एकत्र येणाऱ्या.

पुढच्या महिन्यात पोरगी बंगळूरला निघालीय. तिथल्या बँडमध्ये वाजवेल, केस रंगवेल, तिचं बोलणंही बदलेल. ठरल्यापासून मी उगाच धास्तावलो होतो. काल त्या वायरींच्या गुंत्याकडे बघताना वाटलं, बदलू दे की! एक वाट आतून सरळ वाहती राहिली, तर दुसरीनं खुशाल वाट्टेल तो रंग घ्यावा.

मुग्धानं पुन्हा पेडल दाबलं. खिडकीची काच थरथरली. ताईनं डोळे मिटले आणि दुसराही तळहात स्पीकरवर ठेवला.