टर्बोच्या तोंडात सासऱ्यांचा तांब्या

सासऱ्यांचा पाणी प्यायचा तांब्या मी एकदा गिरणीच्या जनरेटरच्या तोंडात कोंबला. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि बायको अजून माहेरीच होती!

मी सुरतेत उधन्याला एका कापड गिरणीत फिटर. (गावाकडच्या पत्रांत मात्र 'इंजिनेर'.) "जावई कसे राहतात ते डोळ्यांनी बघेन, मगच कमलला पाठवीन," असं सासऱ्यांनी धुळ्याहून कळवलं होतं. तोवर मी एकटा. खानावळीत जेवायचं आणि खोलीवर येऊन भिंतीकडे बघत बसायचं. बोलायला कोणी नाही, म्हणून मी गिरणीतल्या जनरेटरच्या डिझेल इंजिनाशीच बोलायचो. हसू नका! सबंध सुरतेत माझं ऐकून घेणारं तेवढं एकच होतं.

अखेर एका रविवारी सासरे आले. खोली दोन मिनिटांत बघून झाली (खोलीच तेवढी होती). म्हटलं, आता गिरणीत नेऊन आपली इंजिनेरी दाखवू, म्हणजे कमल आलीच समजा!

इंजिन बरेच दिवस काळा धूर ओकत होतं. त्याला टर्बो होता, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा; आणि ती हवा वाटेतच कुठेतरी पळत होती. गळती शोधायची रीत सोपी. हवेच्या वाटेचं तोंड बंद करायचं, आत हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले की चोर सापडला.

सुट्टी असल्याने हवा भरायचा कंप्रेसर बंद होता. सायकलचा पंप मिळाला, पण तोंडाला लावायला बूच काही मिळेना. इतक्यात सासऱ्यांच्या हातातला पितळी तांब्या दिसला. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, म्हणून त्यांनी तो गावाहून आणला होता. (लेक घरात नव्हती, हा मुद्दा त्यांनी विचारात घेतला नाही.)

"मामा, जरा तांब्या देता?"

"तांब्यानं काय काम, जावईबापू?"

पण दिला! जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याला नाही कसं म्हणणार? तांब्या टर्बोच्या तोंडाच्या रबरी नळीत अगदी मापात बसला. वरून पट्टी आवळायला हवी होती. पण इतका छान बसलाय तर कशाला, म्हटलं! आणि पंप बाजूच्या बारीक नळीला जोडून सासऱ्यांच्याच हातात दिला.

"मारा, मामा!"

ते बिचारे साबणाची बादली ठेवलेल्या स्टुलाशेजारी उकिडवे बसून पंप मारू लागले. "एवढी हवा कोठे जाई राह्यनी?" त्यांना धाप लागली.

"अजून थोडी, मामा! इंजिनेरीत घाई चालत नाही!"

मी सांध्यासांध्याला साबण लावत गेलो. कोपऱ्यावरच्या सांध्याशी बुडबुडे! "सापडली!" म्हणून मी खाली वाकलो आणि धडाम्! तांब्या माझ्या डोक्यावरून सुटला, छपराच्या पत्र्यावर आदळला आणि परत येताना स्टुलावरची साबणाची बादली सासऱ्यांच्या अंगावर पालथी करून गेला.

मी धावलो. इंजिनाकडे!

"लागलं का रे तुला? घाबरू नको, मी आहे ना!"

वळून पाहिलं तर सासरे फेसात बसलेले, टोपी कानावर आलेली. संपलं, म्हटलं. कमल आता जन्मभर माहेरीच राहणार.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "यानासंगे रोज बोलतस का तुम्ही?"

थाप काही सुचेना. "हो मामा. दुसरं कोण आहे इथे?" बोलता बोलता मला रडूच आलं. भर गिरणीत, सासऱ्यांसमोर!

त्यांनी टोपी काढून पिळली. "कमलले येत्या हप्तामा धाडी देसू. नहीतर येडा व्हई जाशात!"

कमल खरंच आली. पहिल्या संध्याकाळी तिने ताट वाढलं आणि मी दोन वर्षांचं साचलेलं एका दमात सांगायला लागलो.

"भाजी थंडी व्हई राह्यनी. पहिले जेवा," ती म्हणाली.

मी दचकून पाटावरून उठलोच! आपण बोललो की समोरून कोणीतरी उत्तरही देतं, हे मी साफ विसरून गेलो होतो.