येऊन राहिलो

हिंगण्याच्या कारखान्यातून पाळी सुटली की बाबा घरी फोन करायचे आणि एवढंच म्हणायचे, "येऊन राहिलो." म्हणजे निघालोय, वाटेत आहे. आई लगेच गॅसवर तवा ठेवायची. आमच्या नागपुरात याला दुसरा अर्थ नाही.

मी भयकथा, विज्ञानकथा लिहिते. घरच्या माणसांच्या आवाजात फोन करणारं काहीतरी, अशी माझी एक कथा मुंबईच्या एका दिग्दर्शकाने मालिकेसाठी घेतली. पटकथाही मीच लिहीत होते. फोनवरच्या त्या आवाजाला मी बाबांचंच वाक्य दिलं. दिग्दर्शक वाचून उडालाच. "येऊन राहिलो? म्हणजे ते आधीच घरात येऊन राहिलंय? कमाल!" मी कपाळावर हात मारला. अहो, ते अजून रस्त्यात आहे, सगळी भीती वाट बघण्यात आहे, हे जीव तोडून सांगितलं. पण त्याला स्वतःची चूक माझ्या कथेपेक्षा जास्त आवडली. प्रसंग बदलला. आता फोन वाजतो तेव्हा ते आतल्या खोलीत बसलेलं असतं. माझा नुसता तिळपापड झाला.

त्याच सुमारास बाबांचा आवाज बसला. आम्ही आपले खोकल्याची औषधं देत राहिलो. शेवटी धंतोलीतल्या डॉक्टरांनी गळा तपासला आणि स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. जीव वाचेल, आवाज जाईल.

तेव्हा मला सुचलं, ते वाक्य बाबांकडूनच म्हणून घ्यावं. मालिकेचं फक्त निमित्त होतं. मला तो आवाज कुठेतरी ठेवून द्यायचा होता.

"मले भूत बनवून राहिली काहून वं?" बाबा हसले. मग घोगऱ्या आवाजात, दम घेत, त्यांनी ते म्हटलं. दिग्दर्शकाला दुसरा कुठला आवाज पसंतच पडेना. मला आनंद झाला.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले ते गळ्याला भोक आणि त्यावर पातळ रुमाल बांधून. मालिका लागली त्या संध्याकाळी ते टीव्हीसमोर बसले. आई स्वयंपाकघरात होती. असलं काही बघायला तिला आवडत नाही. पडद्यावर फोन वाजला.

"येऊन राहिलो."

आत सवयीने तवा वाजला, गॅस पेटला. "निघाले वाटते वं तुये बाबा," आई आतून म्हणाली.

बाबांना उत्तर देता येत नव्हतं. ते उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. आईने त्यांच्याकडे पाहिलं. हातातला कणकेचा गोळा हातातच राहिला. तेवढ्यात मालिकेतल्या आतल्या खोलीचं दार उघडलं आणि बाबांच्या पाठीमागून ते बाबांच्याच आवाजात पुन्हा म्हणालं, "येऊन राहिलो."

या वेळी मला दिग्दर्शकाचा अर्थ ऐकू आला.