तेलरंगाच्या भिंतीवरची शेणी

मालकांचे पाय दुखायचे थांबले, तेव्हा मला संशय आला.

मालक म्हणजे माझा नवरा. त्यांना मूत्रपिंडाचा कॅन्सर. ऑपरेशन करून एक मूत्रपिंड काढलं, तरी पुढं फुप्फुसात गाठी निघाल्या. कोल्हापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन औषधं चालू केली. एक सलाइनमधून, दवाखान्यात जाऊन घ्यायचं. दुसरी गोळी, रोज सकाळ-संध्याकाळ. गोळीनं तळपायाची आग व्हायची, कातडी सोलायची. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकताना मालक शिव्या द्यायचे, गोळीला आणि ती शोधणाऱ्याला. आणि एक दिवस बघते तर मालक अनवाणी म्हशीला पाणी दाखवून आले.

"पाय बरं दिसत्यात," मी म्हटलं.

"बरंच हायत की."

"गोळी घेताय न्हवं?"

मालक म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सलाइन घेतोय की. ते खरं औषध. गोळी काय, डोकं दुखलं तरी देत्यात."

आमच्या उचगावात ही समजूत जुनी आहे. सुई टोचली तर औषध, बाटली लावली तर मोठं औषध, गोळी म्हणजे वरची भर. नुसत्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरकडं माणूस दुसऱ्यांदा जात नाही. मीही त्यातलीच. त्यामुळं मालकांना बोलण्याआधी मलाच कळून घ्यायला हवं होतं. त्यांना घेऊन दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. मी सरळ विचारलं, "सलाइननं रक्तातल्या पांढऱ्या पेशी जाग्या होतात, असं तुम्ही म्हणाला होता. मग जाग्या झाल्यावर त्या गाठ खाणार नाहीत का? गोळी कशाला?"

"आजी, पेशी रक्तातून वाहत येतात. गाठीजवळ आल्या की त्यांना नसेच्या आतल्या भिंतीला चिकटावं लागतं. चिकटल्या तरच भिंतीतून पलीकडं गाठीत शिरता येतं. चांगल्या नसेला आतून धरायला जागा असते, बारीक आकडे असावेत तशी. पण गाठ वाढताना स्वतःसाठी नव्या नसा फोडून घेते, घाईघाईनं, वाकड्यातिकड्या. आणि ज्या रसायनानं ती नसा फोडते, तेच रसायन आतले आकडे कमी करतं. पेशी येतात, धरायला काही मिळत नाही, पुढं वाहून जातात."

"म्हणजे पोलिसांची गाडी चोराच्या दारावरनं जाते, पण थांबंना."

"तसंच. गोळी त्या रसायनाचं काम अडवते. नव्या नसा कमी फुटतात, राहिलेल्या नसांना आतून पुन्हा धर येतो, अशी आमची अपेक्षा असते. सगळ्यांना सारखा गुण येतोच असं नाही."

हे शेवटचं वाक्य मला पटलं. खोटा धीर देणारी माणसं मला आवडत नाहीत. मालक मान डोलवत होते. कीर्तनातही ते अशीच मान डोलवतात आणि घरी येऊन विचारतात, बुवा काय म्हणत होता.

आमच्या पोरानं गेल्या साली गोठ्याची भिंत नवी बांधली. गुळगुळीत गिलावा, वर हिरवा तेलरंग. जुन्या मातीच्या भिंतीवर मी लग्न होऊन आल्यापासून शेणी, म्हणजे गोवऱ्या, थापत आले. नव्या भिंतीवर थापायला गेले तर शेण तेच, हात तोच, पण शेणी घसरून खाली. शेवटी विटेचा तुकडा घेऊन मागची बाजू घासून काढली. पोरगं कितीतरी दिवस बोललं नाही माझ्याशी. शेणी मात्र बसायला लागल्या.

दवाखान्यातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेणाची पाटी घेऊन मालकांना त्या भिंतीजवळ बोलावलं. न घासलेल्या, रंगाच्या जागेवर बोट ठेवलं. "थापा हितं."

"आता बायकांचं काम लावतीस व्हय?"

"थापा."

त्यांनी थापलं. जरा वेळ राहिलं आणि ओघळत खाली आलं. मग घासलेल्या जागेवर थापायला लावलं. तिथं बसलं. पाचही बोटं उठली.

मालकांनी त्या ठशावर बोट फिरवलं. "त्या डॉक्टरीणबाई हेच सांगत होत्या?"

"व्हय. शेण कितीबी चांगलं असू दे, भिंतीला धर नसला तर काय उपयोग? सलाइन चांगलीच हाय. पर गोळी म्हणजे ही वीट."

"आणि घासायची माझ्याच तळपायाला."

खरं होतं ते. आग त्यांच्या पायाची होते, माझ्या नाही. मी म्हटलं, "न्हाय घ्यायची तर नका घेऊ. पर मला सांगून. चोरून न्हाय."

ते हात धुवायला गेले. आमच्याकडं मेलेलं माणूस शेणींवरच जाळतात, आणि होळीच्या वेळी घरागणिक थोड्या शेणी स्मशानाला देतात. हात पुसत भिंतीकडं बघून म्हणाले, "माझ्यासाठीच साठवाय लागलीस की ह्या."

"तुमच्यासाठी आन् माझ्यासाठी. आधी कुणाला लागत्यात बघू."

मालक हसले. त्याच दिवशी त्यांनी डॉक्टरीणबाईंना स्वतः फोन करून पायाचं सांगितलं. बाईंनी गोळी थोडी कमी ताकदीची दिली आणि पायाला लावायला मलम.

भिंत डोळ्यांना दिसते, नस दिसत नाही. मालकांच्या फुप्फुसातल्या नसांना धर आला की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. पुढच्या महिन्यात तपासणीचा फोटो काढायचा आहे. तो चांगला येईल असं मी कुणाला सांगत नाही, वाईट येईल असंही नाही. गोळी पोटात जाते एवढंच मला कळतं, तेही पायांवरून.

आज सकाळी पाय जमिनीवर टाकताना त्यांनी गोळी शोधणाऱ्याची आई काढली. मी ऐकलं आणि चहा ठेवला.