गडग्यावरचे कॉफीचे यंत्र

एका आड एक रविवारी सकाळी विष्णूमास्तर सोप्यावर वर्तमानपत्र पसरून कॉफी दळायचे यंत्र उघडून बसत, आणि तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलायचे नसे. मी सावंतवाडीहून पेडण्यात शिक्षक म्हणून आलो आणि या निवृत्त मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत भाडेकरू झालो. हा नियम ठाऊक नसल्याने पहिल्याच रविवारी मी मोठ्याने नमस्कार केला. "वाडकार, मातसो राव," म्हणत, जरा थांबायची खूण करत त्यांनी मला हातानेच खाली बसवले. वाडीहून आलेला म्हणून वाडकार, हे नाव मला कायमचे चिकटले.

यंत्र लोखंडी, हाताने फिरवायचे. मास्तर मूठ सोडवत, दाढीच्या जुन्या ब्रशाने दाते झाडत, मग मूठभर कच्चे, न उकडलेले तांदूळ त्यातून दळून काढत. "सुरय तांदूळ जाय. उकड्यांनी दांत मोडटात," आणि पाठोपाठ, "उदक मात लायनाका. उदक म्हणजे जंग!" तेलाचा थेंब फक्त बाहेरच्या दांड्याला, दात्यांना लागला तर कॉफी आठवडाभर खवट लागते, हे त्यांनी मला किमान वीस वेळा सांगितले असेल. ते करडे पीठ कोंबड्यांना जाई. मुलांच्या वह्या त्यांनी इतक्या निगुतीने तपासल्या असतील असे मला वाटत नाही.

यंत्र त्यांचे एकट्याचे नव्हते. शेजारचे कापडवाले रामनाथबाब आणि ते, दोघांनी मिळून म्हापशाच्या बाजारातून आणलेले. एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे, आणि देताना साफ करून द्यायचे, एवढाच करार.

मग गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी, हा वाद पेटला. मास्तर मराठीचे, रामनाथबाब कोकणीचे. एका संध्याकाळी याच सोप्यावर दोघे हमरीतुमरीवर आले. मराठीच्या बाजूने मास्तर भांडले तेही कोकणीतच, याची मला मौज वाटली. पण रामनाथबाब उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. आता यंत्राचे काय होणार, या कुतूहलाने मी रविवारची वाट पाहिली. मास्तरांनी ते नेहमीसारखे साफ केले, फडक्यात बांधले आणि दोन घरांमधल्या गडग्यावर, त्या बुटक्या दगडी कुंपणावर, ठेवून आले.

"झगडें आमचें," ते मला म्हणाले. "मशिनीन कितें केलां?"

पुढच्या रविवारी ते तिथेच, तसेच लख्ख होऊन परत आले. मास्तरांनी नाक लावून वास घेतला आणि पसंतीने मान डोलावली. वर्षभर दोघांत एवढाच व्यवहार उरला होता.

पावसाळा सरता सरता एका रविवारी यंत्र आले ते ओले. दात्यांत जुनी पूड थापून बसलेली, साबणाचा वास, कडेला तांबूस डाग. "शेवटी काढलाच राग," मी म्हणालो. मास्तरांनी ते हातात धरून तांबूस डागावरून बोट फिरवले.

"हें रामनाथाचें काम न्हय," ते म्हणाले, आणि फाटकापर्यंत जायचाही धीर न धरता, साठी उलटलेल्या त्या माणसाने अनवाणीच गडगा ओलांडला. मी मागोमाग गेलो.

रामनाथबाब खाटेवर होते. चार दिवसांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली होती. अबोला ठाऊक असल्याने घरच्यांनी आम्हाला कळवले नव्हते. "सकाळसून मशिनीकडेन बोट दाखयताले," त्यांची सून म्हणाली, "म्हूण हांवें साबणान धुवन दवरलें." मास्तर खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी यंत्र उघडले. एकेक भाग रामनाथबाब डाव्या हातात धरत होते, आणि मास्तर ब्रश फिरवता फिरवता उघडउघड रडत होते. मलाही तिथे उभे राहवले नाही.

यंत्र त्यानंतर रामनाथबाबांकडेच राहिले. मास्तर रोज सकाळी तिकडे जाऊन कॉफी दळत, दोघे मिळून पीत.

कोकणी राजभाषा झाल्याची बातमी छापून आली, त्या दिवशी तरी मास्तर घरी बसतील असे मला वाटले होते. ते नेहमीच्याच वेळी निघाले. त्यांनी रामनाथबाबांना बातमी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. वर्तमानपत्र मराठी होते.

"जिखलो रे तूं," ते म्हणाले.

रामनाथबाबांनी सवय नसलेल्या डाव्या हाताने आपली कपबशी उचलली, निम्मी कॉफी बशीत सांडली, आणि ती कपबशी तशीच मास्तरांपुढे सरकवली. मास्तरांनी तो कप संपवला, मग बशीत सांडलेलीही प्यायली.