जेवलास का रं?

रोज सकाळी नोकरीला निघायच्या आधी मी फेसबुकवर चार ओळी खरडते. नवाकोरा रस्ता पुन्हा का खणला, बँकेचं अ‍ॅप म्हाताऱ्या माणसांना का रडवतं, पक्ष बदलल्यावर माणसाचे जुने व्हिडिओ कुठे जातात, असलं काहीबाही. मला कोणी विचारलेलं नसतं. पण गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. नवरा म्हणतो, लिही बाई, घरात तेवढीच शांतता.

माझ्या सासूबाई कळंबजवळच्या गावी एकट्या राहायच्या, आम्ही कर्जतला. इकडे या म्हणून सांगून सांगून आम्ही थकलो. "माज्या कोंबड्यांना कोन बगील? मी नाय यायची," हे ठरलेलं उत्तर. एकटीला काही झालं तर आपल्याला कळणार कसं, ही धास्ती माझ्या पोटात कायमची. म्हणून त्यांना फोन घेऊन दिला. माइकचं चित्र दाबून बोललं की अक्षरं उमटतात, हे एकदा दाखवलं आणि मग काय विचारता!

माझ्या पोस्टखाली जो कोणी येईल, त्याला सासूबाई भर दुपारी एकच प्रश्न विचारायच्या: "जेवलास का रं?" खाली सरकारवरून हाणामारी चाललेली, आणि मधेच हे. निवडणुकीत नेत्याचा रेकॉर्ड केलेला आवाज फोनवर आला, तर त्यालाही विचारलं. "येवढा मोटा मानूस, पन उत्तर देत नाय," म्हणून दोन दिवस रुसून होत्या. मी डोक्याला हात लावला.

"आई, अहो, असं लिहू नका. लोक हसतात."

"हसू देत. तुज्या दारात आल्यालं मानूस हाय ना? मंग आदी जेवलास का इचारायचं. भांडन काय पळून जातंय?"

त्या दारात सगळ्यात जास्त धुमाकूळ घालायचा तो एक वाघोबा. खरं नाव माहीत नाही, प्रोफाइलला वाघाचा फोटो. मी काहीही लिहिलं की हा खाली हजर. "बायकांनी भाकऱ्या भाजाव्यात" हे त्यातल्या त्यात सभ्य. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. मी त्याला ब्लॉक करायला निघाले की सासूबाई फोनवरून आड यायच्या. "नको गं, मी बोलत्ये ना त्याच्याशी." बोलणं म्हणजे तेच. पहिल्यांदा तो म्हणाला, "म्हातारे, तुला काय करायचंय?" पुढे कधीतरी, "नाय." मग, "नाय, आता जेवीन." त्यावर सासूबाईंचं, "जेव बाबा, उशीर नको करू." आणि मला शिव्या चालूच!

एके दिवशी दुपारी मी ऑफिसात डबा उघडला, तर पोस्टखाली वाघोबा: "आज आजीनं इचारलं नाय. जरा फोन लावून बगा."

डोक्यात तिडीक गेली. आता माझ्या घरातल्या माणसांपर्यंत पोचला हा! पण घड्याळ बघितलं आणि घास हातातच राहिला. सासूबाईंची वेळ कधीच टळून गेली होती. फोन लावला. वाजून वाजून बंद. पुन्हा लावला. त्यांच्या शेजारणीला लावला, तर ती माहेरी गेलेली. नवरा पुण्यात. मला इथून रिक्षा करून पोचायचं म्हणजे तासभर तरी.

तेवढ्यात इनबॉक्समध्ये त्याचा मेसेज. "आजी कळंबकडची ना, बोलली व्हती. मी आज कळंबलाच हाय. रिसॉर्टला गाद्या टाकायला आलोय टेंपोनं. घर कुटं ते सांगा."

ज्या माणसानं वर्षभर मला तोंडाला येईल ते सुनावलं, ज्याचं तोंडही मी पाहिलेलं नाही, त्याला माझ्या एकट्या म्हाताऱ्या सासूचा पत्ता द्यायचा? नाही दिला आणि त्या तिथे पडलेल्या असल्या तर? शेवटी दिला. गावाचं नाव, देवळामागचं घर, दारात शेवग्याचं झाड. लिहिलं, खाली माझा नंबर टाकला, पाठवलं आणि पर्स उचलून पळाले.

मी रिक्षात असतानाच त्याचा फोन आला. "ताई, आजी घावली. खुराड्यापाशी पडलीय, उटता येत नाय. पन बोलतीय. तुमी मागं फिरा, कर्जतच्या दवाखान्यातच या." तोवर मी रिक्षातच हुंदके देऊन रडत होते.

सकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना पाय घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं, फोन घरात. कितीतरी हाका मारल्या, पण त्या बाजूला दिवसा कोण फिरकतंय? त्यानं आळीतली माणसं गोळा केली आणि रिसॉर्टच्या कोऱ्या गाद्या एकावर एक रचून त्यांना टेंपोतून कर्जतला आणलं. मुंबईचे पाहुणे त्या दिवशी गाद्यांची वाट बघत बसले असतील. बसू देत.

ऑपरेशननंतर सासूबाई आमच्याकडेच आल्या, कोंबड्यांसकट. एका दुपारी वाघोबा त्यांना बघायला आला. किडकिडीत, पळसदरीकडचा, चपला दाराबाहेर नीट लावून ठेवणारा. सासूबाईंनी पडल्या पडल्या विचारलं, "जेवलास का रं?" तो मान खाली घालून म्हणाला, "नाय." मी ताट वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं.

"आय गेल्यापासून घरात कोनी इचारत नाय," तो भाकरी मोडत म्हणाला. मग घास गिळून, "पन ताई, आजची पोस्ट चुकलीय तुमची."

"आधी जेवा. भांडण काय पळून जातंय?" मी म्हणाले आणि माझं मलाच हसू फुटलं. या माणसाचे उपकार मी कसे फेडणार? फेडायचे नाहीतच. असू देत डोक्यावर.

तो अजून रोज येतो पोस्टखाली भांडायला. शिव्या गेल्या, भांडण राहिलं. परवा औषधानं सासूबाईंचा डोळा लागला होता. दुपार टळत होती, म्हणून मीच माझ्या फोनवरून लिहिलं, "जेवलात का?"

लगेच उत्तर आलं. "तुमी का इचारताय? आजी कुटं हाय?"

मी घाईघाईनं लिहिलं, "इथेच आहे हो. घोरतेय."

"मंग जेवतो," तो म्हणाला.