झेलणारा

गंगेकाठच्या पंचगंगा घाटावर सकाळी फिरायला गेलो की तो म्हातारा दिसायचाच. मूळचा सांगलीकडचा. सर्कशीत झोक्यावर उलटा लटकून, समोरून झेपावणाऱ्यांना झेलायचा. आता तळव्यांना राख चोळायचा आणि गंगेकडे दोन्ही हात पसरून थांबायचा.

एकदा शेवाळावरून माझा पाय घसरला. त्यानं चटकन माझं मनगट पकडलं.

"हात धरायचा नसतो साहेब, घामानं निसटतो. मनगट धरायचं, समोरच्यानंही आपलं धरायचं. बायकोच्या वेळी मी चुकलो, हातच धरला. तिच्या अस्थी इथंच सोडल्यात."

"मग आता रोज कुणाला झेलता?"

"तिलाच. आता चुकत नाही."

मला हसू येणार होतं. तेवढ्यात त्याची बाही वर सरकली. मनगटावर बारीक बोटांचे लाल, ताजे वळ होते.